एका माणसापुरती खोली

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज मोहटोल्याला उतरले. ‘उतरले’ असं लिहितानाच हसू येतं. भंडारा-आंधळगाव गाडीवर कंडक्टर म्हणून मी या थांब्यावरून किती वर्षं गेले असेन. दार उघडलं, माणसं उतरवली, घंटी दिली, गाडी पुढे. गाव संपलं की उजव्या हाताला तलाव लागायचा. त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाची झाडं आणि झाडांच्या मागे एक कौलारू खोली. भर पावसाळ्यात पाणी तिच्या पायरीपाशी आलेलं दिसे. तिकिटं देता देता मी मान वळवून बघायचे आणि मनात म्हणायचे, इथे कोण राहत असेल?

कोणीच राहत नव्हतं. धानाच्या बिजाईची, बियाण्याची, पोती राहत होती.

गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि खोली कोणाची ते विचारत आले. रुखमिणीबाईंची निघाली. सत्तरीच्या असतील, एकट्याच, शेती तलावाखालीच. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, रामटेके. त्या बराच वेळ तलावाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खोलीले खिडकी नाही. चालंल का तुमाले?”

मी म्हटलं, “दार आहे ना.”

भंडाऱ्याची भाड्याची जागा सोडली. फ्रिज, पलंग, कपाट, ज्याला जे हवं ते उचलून नेऊ दिलं. सामान न्यायला आलेल्या शेजारणी दबक्या आवाजात बोलत होत्या, जसं घरात कोणी गेलं आहे. मला मात्र अंगावरून ओझं उतरवल्यासारखं वाटत होतं. उरलं ते एका पेटीत आणि एका गादीत मावलं.

अनुप फोनवर फार चिडला. “आई, तुह्यासाठी पुण्यात वेगळी खोली ठेवली, एसी लावला. अन् तू पोत्याच्या खोलीत राहाले जाऊन राहिली? लोकं काय म्हणतील?”

“संक्रांतीपर्यंत राहून पाहते,” मी म्हटलं.

“अन् मंग?”

“मंग पाहू.”

त्याने फोन ठेवला. त्याचे बाबा गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. योगेंद्र ड्रायव्हर होते, त्यांच्या जागी मला नोकरी लागली. तेव्हापासून आम्हा मायलेकांचं बोलणं असंच, गाडी सुटायच्या घाईतलं.

२४ नोव्हेंबर

पहाटे जाग आली, ती पहिल्या गाडीच्या वेळेला. अंधारात हात उशापाशी बिल्ला शोधत होता. मग आठवलं, आज कुठल्याच गाडीला माझी गरज नाही. पुन्हा पांघरूण ओढलं. असं झोपेला परत जाणं म्हणजे उन्हातून सावलीत जाणं. पुन्हा डोळे उघडले तेव्हा दारातून धुकं आत आलेलं होतं. गादीच्या कडेपर्यंत. मी हात बाहेर काढला, तो ओला झाला.

हिरालाल तलावात शिंगाडे लावतो, मासेही धरतो. डोंग्यातून येता येता त्याने ओंजळभर शिंगाडे पायरीवर टाकले. “कंडक्टरबाई, उकडा अन् खा.” उकडले, मिठाशी खाल्ले, तेच दुपारचं जेवण झालं. मग काय करायचं? काही नाही. एक साडी अंगावर होती, दुसरी मोहाच्या फांदीवर. वारा आला की ती भरून यायची आणि वाटायचं, तिच्यात कोणीतरी आहे, माझ्यापेक्षा तरुण.

पैसे नाहीत म्हणून ही अशी राहते, असं गावात म्हणतात. तसं नाही. आहेत ते पुरतात. पण मला पुरवायचंच काही राहिलं नाही, हे कसं समजावू? मलाच कधी कधी शंका येते. हे सुख आहे की नुसता आळस? की मी लपून बसले आहे?

३ डिसेंबर, मंगळवार

भर सकाळी अनुपचा फोन. एरवी रविवारी रात्री येतो, दोन मिनिटांचा.

“काय रांधलं?”

“भात अन् लाखोरीचं वरण.”

“भाजी?”

“वरणात भेदरं टाकलं, तेच भाजी.”

टमाट्याला भाजी म्हटलं म्हणून हसेल वाटलं. हसला नाही. “आई, एवढ्यात भागते?”

“भागते काय, उरते.”

त्याच्या मागे पाखरं ओरडत होती, लहान मुलं खेळत होती. ऑफिसात पाखरं कुठली? चहाला बाहेर आला असेल. मी म्हटलं, “मीटिंग नाही का?” तर म्हणाला, “आज मोकळा आहो.” आणि तरी फोन ठेवेना. चूल आहे की गॅस, सरपण कोण देतं, थंडी किती, सगळं विचारलं.

मी ओळखून आहे. माझ्यावर नजर ठेवतो आहे. मी कधी कंटाळते, याची वाट बघतो आहे. मी मुद्दाम आवाज खणखणीत ठेवला.

१९ डिसेंबर

थंडी अशी की तलाव सकाळी वाफ सोडतो. रात्री स्वप्न पडलं: आमची लाल गाडी तलावाच्या पाण्यावरून चालली आहे, चाकं पाण्याला नुसती टेकून. आत सगळे प्रवासी झोपलेले. मी तिकीट मागत नाही, ते देत नाहीत. योगेंद्र गाडी चालवत आहेत आणि म्हणतात, पुढे थांबाच नाही, बस खाली. मी माझ्या बाकावर बसते. एवढंच. उठले तर चेहरा हसरा होता, हे मला न बघता कळलं. इथे आरसा नाही. गेला महिनाभर मी स्वतःला पाण्यातच पाहिलं आहे, आणि पाण्यात कोणी म्हातारं दिसत नाही, नुसतं हलतं.

रुखमिणीबाई रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसतात. आत येत नाहीत. पाण्याचा लोटा घरूनच भरून आणतात. का ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. दोघी तलावाकडे बघतो. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांबद्दल सांगावं तसं त्या प्रत्येक पाखराबद्दल सांगतात. “हे गेल्या वर्षी आलं होतं. हे नवीन हाय.”

२८ डिसेंबर

अनुपने आज विचित्र प्रश्न विचारला. “आई, तुह्या खोलीत किती माणसं झोपू शकतात?”

माझ्या लगेच लक्षात आलं. संक्रांत जवळ आली. हा बायकोला, मेघाला, नाहीतर माझ्या भावाला घेऊन येणार आणि सगळे मिळून मला उचलून नेणार.

“एकच,” मी म्हटलं. “एका माणसापुरतीच खोली आहे.”

“बरं,” तो म्हणाला.

बरं झालं, स्पष्ट सांगितलं ते.

१७ जानेवारी २०२५

अनुप आला. न कळवता, एसटीने, एकटा. हातात भली मोठी बॅग. उतरला तेव्हा मी पाळीवर लाकडं वेचत होते. आधी ओळखलंच नाही. वाळला आहे. दाढी वाढलेली.

मी बोलायला वावच दिला नाही. तो पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं, की मी पुण्याला येणार नाही, माझी तब्येत इथे चांगली आहे, गुडघा दुखायचा थांबला आहे, आणि एसीत मला सर्दी होते.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

“संक्रांतीपर्यंतचं बोलणं होतं, पण आता मी इथेच राहणार.”

“ठीक आहे, आई.”

मी वाद घालायला तयार होते आणि समोर कोणी नव्हतं. जेवला भरपूर. माझ्या गादीवर झोपला. मी पोती अंथरून घेतली.

२१ जानेवारी

झोपतोच आहे. सकाळी झोप, दुपारी झोप. फोन वाजतो, उलटा करून ठेवतो. मी विचारलं, “रजा किती दिवसांची?” म्हणाला, “आहे थोडी.” कंपनीत फार काम करून घेतात म्हणतात, थकला असेल. पुण्याच्या लोकांना झोप मिळत नाही.

रुखमिणीबाई म्हणाल्या, “पोरगा सुट्टीवर नाही वाटत.”

“सुट्टीवरच आहे.”

“सुट्टी असलेल्या माणसाले तारीख माहीत राहाते, बाई.”

त्यांना कंपनीच्या नोकरीतलं काय कळणार!

३० जानेवारी

आज तो हिरालालच्या डोंग्यात बसला. मी पाळीवरून बघत होते. पोट कोरून काढलेला तो लाकडाचा ओंडका डुलला आणि अनुप दोन्ही हातांनी काठ धरून ओरडला. मग हसला. तलावावरून त्याचं हसणं माझ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला. मला आधी तो हसताना दिसला आणि नंतर ऐकू आला.

आला तेव्हा चपलांचे दोन जोड आणि बुटांचा एक होता. आता अनवाणी फिरतो. त्याची पँट हिरालालने मागितली, यानं देऊन टाकली. माझ्या जुन्या लुगड्याची लुंगी करून गुंडाळली आहे. दुपारी मोहाखाली उताणा पडून राहतो, पोटावर हात ठेवून. काय बघतोस म्हटलं तर म्हणे, “काही नाही. काही नाही बघाले इथं किती जागा आहे.”

९ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं, पण ही वही माझी आहे, इथे खोटं का लिहू.

मला तो आता जायला हवा आहे.

सकाळचं धुकं आत येतं तेव्हा खोलीत त्याचं घोरणं असतं. मी गादीवर नाही. एका गंजात दोघांचा भात होत नाही, दोनदा चूल पेटवावी लागते. आयुष्यभर बाकावर माणसं दाटीवाटीने बसवली, जरा सरका, जरा सरका. आता पहिल्यांदा पूर्ण बाक माझ्या एकटीचा मिळाला होता. आणि आई असून मला हे वाटतं. कोणाला सांगू? रुखमिणीबाईंना सांगितलं असतं, पण त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्यासमोर असं बोलायची लाज वाटली.

२५ फेब्रुवारी

आज जेवताना विचारलं. चांगल्या आवाजात विचारलं असं मला तरी वाटलं. “कधी निघतोस?”

त्याचा घास हातात राहिला. “तू म्हणशील तेव्हा.”

“मी कायले म्हणू? मेघा वाट पाहत असंल म्हणून विचारलं.”

“हो,” म्हणाला. उरलेला भात खाल्ला. ताट घासून ठेवलं.

२७ फेब्रुवारी

काल लिहायला जमलं नाही. काल शिवरात्र होती.

सकाळी उठले तर तो नव्हता. गादी घडी करून ठेवलेली, बॅग नाही. मला वाटलं, रागावून गेला, पहिल्या गाडीने. खोटं कशाला, आधी मी पूर्ण खोलीभर नजर फिरवली आणि मला हलकं वाटलं. झाडून काढलं. चहा केला, दारात बसून प्याले.

तेवढ्यात मेघाचा फोन. आम्ही सासू-सुना कामापुरतंच बोलतो. ती नागपूरची, पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे.

“आई, अनुप आहे का तिथे? फोन उचलत नाही.”

“सकाळीच निघाला. तुह्याकडेच येऊन राहिला.”

मग म्हणाली, “आई, त्याने तुम्हाला काहीच सांगितलं नाही का?”

आणि तिने सांगितलं. त्याचा विभाग कंपनीने दिवाळीच्या आधीच बंद केला. दोन महिने तो रोज सोसायटीच्या बागेत जाऊन बसायचा, आपण घरात दिसायला नको म्हणून. गाडी विकली. जानेवारीत दोघांचं भांडण झालं, तेव्हा म्हणाला, आईकडे जातो, आईला सांगतो, मग परत येतो. “त्यानंतर माझ्याशी नीट बोललाच नाही. काल रात्री फक्त मेसेज आला, की मला कुठेच जागा नाही. आई, मला भीती वाटते.”

मी फोन ठेवला आणि तलावाकडे पाहिलं. इतके महिने पाहते आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पाणी नेहमीसारखं निवांत होतं आणि त्याच निवांतपणाची मला भीती वाटली. हिरालालचा डोंगा पार मधोमध होता. मी पाळीवरून ओरडले, कशी ओरडले ते आता आठवत नाही. तो वल्हवत जवळ आला. “नाही जी, नाही. सडकेनं गेला, आंधळगावच्या वाटेनं. मीच पाहिलं.”

रुखमिणीबाई माझा आवाज ऐकून आल्या होत्या. मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. शिवरात्रीच्या जत्रेला जाणारा ट्रॅक्टर सडकेवर होता. त्यांनी हात केला, मला वर चढवलं आणि स्वतःही चढल्या, या वयात, निर्जळी उपासात.

आंधळगावच्या थांब्यावर माणसांचा पूर. ज्याला त्याला कुठेतरी पोचायचं होतं. त्या गर्दीत सिमेंटच्या बाकावर एकच माणूस असा होता, ज्याला नव्हतं. मी जन्मभर थांबे पाहिले आहेत. अशी माणसं मला गाडीतून दिसायची. गाडी लागली तरी उठत नाहीत, पाटी वाचत नाहीत. तेव्हा मी घंटी द्यायचे.

मी त्याच्याशेजारी बसले.

“गाडी लागली होती ना?”

“लागली होती.”

“मंग?”

“भरून होती.”

“साऱ्याच?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आई, कोणत्या गाडीत बसाचं ते समजूनच नाही राहिलं.”

मी म्हटलं, मेघाने सांगितलं सगळं. मग विचारलं, “मले काहून नाही सांगितलं?”

“विचारलं तर होतं तुले. किती माणसं झोपतात म्हणून. तू म्हटलं, एकच.”

मी म्हटलं, “मले वाटलं, तू मले न्याले माणसं घेऊन येऊन राहिला. उचलून.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुले? उचलून?” आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. एवढ्या लोकांत. मी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. लहानपणी घ्यायला वेळ नसायचा तेवढं, वेळ न बघता.

रुखमिणीबाई समोर उभ्या होत्या, हातात केळी. “उपास माहा हाय, तुमचा नाही,” म्हणाल्या. “खा दोघं बी. अन् चला घरी, उन्ह चढून राहिलं.”

आज सकाळी त्यांनी उपास आमच्या खोलीत सोडला. आत आल्या, मांडी घालून बसल्या, मी वाढलं. दोन घास खाऊन म्हणाल्या, “वरणात मीठ कमी टाकतं तू, रत्नमाला.”

मी मीठ दिलं.

९ मार्च

रुखमिणीबाईंनी एक खाट पाठवली आहे. ती बाहेर मोहाखाली टाकली. कधी तो बाहेर झोपतो, कधी मी. खोली तेवढीच आहे, पण आता अडचण होत नाही. हे कसं झालं ते मला कळत नाही.

दुपारी दोघंही झाडाखाली पडलो होतो. पानं गळून गेली आहेत, फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस आले आहेत. अनुप बोलू लागला. खूप हळू, झोपेतल्यासारखं.

“पुण्यात मले एकच भीती वाटे. घर गेलं, गाडी गेली, हे सगळं गेलं तर माहं काय राहीन? रात्रभर तेच. आता पाह्य, सगळं गेल्यावर जे राहाते, ते इथं आहेच ना. भात आहे, झाड आहे, तू आहे. अन् मले झोप लागते.”

“मेघा?” मी म्हटलं.

“तिले ते घर फार आवडते, आई. ते सोड असं तिले कसं म्हणू?”

मी काही सल्ला दिला नाही. संध्याकाळी तो दिसत नव्हता तेव्हा मेघाला फोन केला आणि एवढंच म्हटलं, “मोहाची फुलं पडाले लागतील पुढच्या आठवड्यात. ये पाहाले.” ती म्हणाली, “आई, तुम्ही मला पहिल्यांदाच कुठेतरी बोलावलं.” खरं आहे. माझं घर असं नव्हतंच कधी. असायची ती सामान ठेवायची जागा.

२३ मार्च, रविवार

मेघा काल आली. नवरा-बायको एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होते. “प्रवास झाला नीट?” “हो, झाला.” मला वाटलं, माझी चूक झाली हिला बोलावून.

आज तांबडं फुटायच्या सुमाराला सगळे फुलं वेचायला गेलो. मोहाची फुलं पहाटे टपटपतात. झाडाखाली उभं राहिलं की अंगावर, केसांत, मानेवर पडतात, रसाने जड, मोठ्या मोत्यासारखी पांढुरकी. वास असा की डोकं हलकं होतं. रुखमिणीबाई टोपली घेऊन पुढे, त्यांच्या मागे मी, आणि ती दोघं जरा दूर. नुसता फुलं पडण्याचा आवाज, जसं कोणी फार दुरून टाळ्या वाजवतं.

तेवढ्यात मेघाचा आवाज आला. भांडणाचा नाही, पण घट्ट. “मग सोडून देऊ ना ते घर.”

“तुला आवडतं म्हणून मी...”

“मला? अरे, मला त्या घराची धास्ती बसली आहे! लिफ्टमध्ये शिरलं की छातीत दडपतं, की महिन्याच्या हप्त्याची तारीख आली. मला वाटायचं, तुला आवडतं. तू किती मिरवायचास ते!”

“मी तुझ्यासाठी मिरवायचो.”

मी वाकून वेचत राहिले. रुखमिणीबाईंनी माझा दंड धरला आणि मला पलीकडच्या झाडाकडे नेलं. “इकडं जास्त पडले,” म्हणाल्या. तिकडे फुलं कमीच होती.

परत वळलो तेव्हा ती दोघं झाडाला टेकून बसली होती. टोपली रिकामी, मेघाच्या केसांत फुलं, आणि अनुप एक एक फूल काढून तिच्याच ओंजळीत ठेवत होता. काढायचं थांबवलं की वरून आणखी पडत.

२ एप्रिल

दोघं आज गेली. पुण्याचं घर मोडायचं ठरलं आहे. मेघाने भंडाऱ्यातल्या एका लॅबमध्ये नोकरीचं विचारून ठेवलं आहे, अनुप एका शिकवणीत गणित शिकवणार म्हणतो. पुढे काय होईल? मला काळजी नाही असं नाही. शिकवणीचं चाललं नाही तर? मेघाचे आईवडील नावं ठेवतील, आणि पहिलं नाव माझं असेल, हिनेच पोराला भिकेला लावलं. ठेवोत.

जाताना तो म्हणाला नाही, की आई, आमच्याकडे चल. मला जरा लागलं ते. कमाल आहे माझी.

१५ मे

भंडाऱ्याहून परत आले. बुद्धपौर्णिमेला या म्हणून मेघाने बोलावलं होतं, त्याच्या एक दिवस आधी गेले होते. दोन दिवसांसाठी.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या, गच्चीला लागून. पहिल्या खोलीत सतरंजी आणि बाबासाहेबांचा फोटो. बसायला दुसरं काही नाही, त्यामुळे सगळे जमिनीवर, आणि जमिनीवर बसलं की माणसं जास्त वेळ बसतात. अनुप पायी शिकवणीला जातो, पायीच येतो, येताना वाटेतली आंबट कैरी खिशात घालून आणतो. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, मेघाने खीर केली. सगळी गच्चीवर बसलो. चंद्र वर आला तेव्हा गच्चीवर पाण्यासारखा उजेड पडला आणि मेघा चालता चालता थबकली, जणू पाय भिजतील. मग ती गुणगुणायला लागली. तिला गाता येतं हे अनुपलाही माहीत नव्हतं म्हणे.

निघायचं ठरवलं त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोणी आग्रह केला नाही, कोणी विचारलं नाही. मी भाजी निवडली, दुपारी सतरंजीवर झोपले, संध्याकाळी त्याच्या वाटेकडे डोळे लावले. घरात वस्तूच नव्हत्या म्हणून असेल, मला तिथे पसरायला भरपूर जागा होती.

आज मोहटोल्याला आले तर तलाव आटून मधोमध एवढासा उरला आहे. बाकी सगळी भेगाळलेली माती. रुखमिणीबाई तिच्यातून चालत येत होत्या, जिथे डिसेंबरात डोंगा चालायचा.

“लयच दिवस राहिली,” म्हणाल्या. “तलावाची सय आली असंल तुले.”

मी हो म्हणणार होते. तोंडात आलंही होतं. मग विचार केला, आणि उभी राहिले तशीच.

“नाही आली,” मी म्हटलं. “एकदाबी नाही आली.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरचा पदर झटकला आणि पायरीवर बसल्या. मी दार उघडलं, त्यांना पाणी दिलं, स्वतः प्याले, आणि दोघी त्या कोरड्या मातीकडे बघत बसलो. किती मोठी होती ती.